केसाएवढ्या काचेतून दिसणाऱ्या पेशी: त्यातलं मोजलेलं किती आणि एआयनं भरलेलं किती?

गुटखा वर्षानुवर्षं गालात धरणाऱ्या माणसाचं तोंड हळूहळू उघडेनासं होतं. आधी तिखट झोंबायला लागतं, मग गालाचं आतलं अस्तर पांढुरकं आणि ताठ होत जातं, पुढे भाकरीचा घास घेतानाही जबड्याला ओढ बसते. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि याचं मुख्य कारण सुपारी. निरोगी माणसानं तोंड पूर्ण उघडलं तर वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये साधारण ४० मिलिमीटर अंतर पडतं. आजार वाढला की ते २० च्याही खाली येतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या दंतवैद्यांकडे असे रुग्ण येतच असतात, आणि त्यांत नुकतं मिसरूड फुटलेली पोरंही असतात.

अशा तोंडात एखादा पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तर तो साधा आहे की कर्करोगाच्या वाटेला लागलाय, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. त्यासाठी तुकडा काढावा लागतो. तो फॉर्मलिनमध्ये ठेवतात, मेणात बसवतात, त्याचे काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप करतात, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या रंगांनी ते जांभळे-गुलाबी करतात, आणि मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली ते वाचतो. यात दिवस जातात. धडगाव किंवा मोलगीच्या माणसाला एकदा तुकडा द्यायला घाट उतरून यायचं आणि पुन्हा रिपोर्ट घ्यायला यायचं, म्हणजे दोन वेळा मजुरी बुडवायची. काही जण दुसऱ्यांदा येतच नाहीत. येतात ते गळ्याला गाठ आल्यावर, आणि मग सुरत नाहीतर मुंबईची टाटा.

तुकडा काढण्याआधी, रुग्ण खुर्चीत बसलेला असतानाच, त्या चट्ट्यातल्या पेशी पाहता आल्या तर? हा विचार नवा नाही. तो आता प्रत्यक्षात यायच्या बेतात आहे, त्याला दोन कारणं आहेत: काचेचा तंतू आणि जनरेटिव्ह एआय, म्हणजे शिकलेल्यावरून स्वतः नवी चित्रं तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. दोन्हींबद्दल सध्या बरंच बोललं जातं, पण हे दोन एकत्र आल्यावर पडद्यावर जे चित्र उमटतं ते नेमकं काय असतं, हे फार थोडे सांगतात. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे काचेपासून सुरुवात करतो.

१९५४ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी या दोघांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा शोधनिबंध लिहिला. काचेचे पुष्कळ बारीक तंतू एकत्र बांधले आणि दोन्ही टोकांना त्यांचा क्रम तोच राखला, तर एका टोकाला ठेवलेलं चित्र दुसऱ्या टोकाला दिसतं, हे त्यांनी दाखवलं. प्रत्येक तंतू चित्रातला एक ठिपका उचलतो आणि पलीकडे नेऊन ठेवतो. तीनच वर्षांनी, १९५७ मध्ये, बेसिल हिर्शोविट्झ या डॉक्टरांनी अशा जुडग्यापासून जठर पाहायची दुर्बीण केली आणि ती पहिल्यांदा स्वतःच्याच घशातून खाली घालून पाहिली. आज आपल्याकडे ‘एंडोस्कोपी केली’ म्हणतात ती या कामाचीच पुढची पायरी.

पोटातला व्रण पाहणं वेगळं आणि पेशी पाहणं वेगळं. पेशी पाहायला तंतू फार बारीक आणि फार दाट लागतात. पॅरिसच्या मौना केआ टेक्नॉलॉजीज या कंपनीचं सेलव्हिझिओ नावाचं यंत्र असे सुमारे ३०,००० गाभे (प्रत्येक तंतूचा प्रकाश वाहणारा आतला भाग) एका जुडग्यात वापरतं. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात रेबेका रिचर्ड्स-कोर्टम यांच्या गटानं त्याहून पुष्कळ स्वस्त आणि हातात मावणारं उपकरण केलं. त्यात चट्ट्यावर प्रोफ्लेविन हे रंगद्रव्य लावतात, तंतूचं टोक टेकवतात, आणि पेशींची केंद्रकं चमकताना दिसतात. गर्भाशयाच्या मुखासाठी आणि तोंडासाठीही ते वापरून पाहिलं गेलं आहे.

इथं काचेची पहिली अडचण येते. जुडग्यातल्या दोन शेजारच्या गाभ्यांमध्ये तीन-चार मायक्रॉनचं अंतर असतं, आणि मधल्या जागेतून चित्र येत नाही. पेशीच्या केंद्रकाचा व्यास धरा आठ मायक्रॉन. म्हणजे एका केंद्रकाच्या वाट्याला जेमतेम चार-पाच ठिपके येतात. केंद्रक आहे हे कळतं. ते सुजलंय का, हेही अंदाजानं कळतं. पण त्याची कड वेडीवाकडी झाली आहे का, आतलं द्रव्य गुठळ्यांसारखं दिसतं आहे का, हे पॅथॉलॉजिस्टला पाहायचं असतं, आणि ते गाभ्यांच्या मधल्या आंधळ्या जागेत हरवतं. टोकाला भिंग बसवलं तर तपशील वाढतो, पण दिसणारा भाग आकुंचन पावतो आणि टोक जाड होतं.

दुसरा मार्ग जास्त धाडसी आहे. जुडगं सोडून द्यायचं आणि एकच तंतू घ्यायचा. त्याची बाहेरची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे एखाद्या जाड केसाएवढी. इंजेक्शनच्या सुईतूनही तो आरामात जातो. गावोगाव इंटरनेटसाठी रस्त्याकडेला जी केबल गाडली आहे, तिच्यातल्या तंतूचा गाभा नऊ मायक्रॉनच्या आसपास असतो आणि त्यातून प्रकाशाला जायला एकच वाट असते. या कामासाठीचा तंतू मल्टिमोड: गाभा ५० मायक्रॉनचा. हिरवा लेझर आणि नेहमीची काच धरून हिशेब केला तर त्यात प्रकाशाला सुमारे दोन हजार वाटा मिळतात.

या वाटांना मोड म्हणतात, आणि प्रत्येक मोडचा वेग किंचित वेगळा असतो. एका टोकाला पेशीचं चित्र टाकलं की ते या दोन हजार मोडमध्ये वाटलं जातं. प्रत्येक भाग आपापल्या वेगानं जातो, वाटेत थोडं एकमेकांत मिसळतो, आणि दुसऱ्या टोकाला सगळे एकमेकांवर पडतात. कुठे प्रकाशाला प्रकाश मिळून उजेड वाढतो, कुठे प्रकाशाला प्रकाश मारून अंधार होतो. कॅमेऱ्यात उमटतात ते नुसते दाणेदार ठिपके. लेझर पॉइंटर खडबडीत भिंतीवर मारला की जी थरथरणारी रवाळ नक्षी दिसते, तीच ही. तिला स्पेकल म्हणतात. त्यात पेशी कुठेही दिसत नाही.

पण ती गेलेली नसते, फक्त मिसळलेली असते, आणि ते मिसळणं ठरावीक नियमानं झालेलं असतं. तोच तंतू, तसाच ठेवलेला, तेच चित्र: तर प्रत्येक वेळी तीच नक्षी. म्हणजे कुठल्या चित्राची कुठली नक्षी होते याचं एक मोठं कोष्टक तयार करता आलं, तर ते उलटं वाचून नक्षीवरून चित्र काढता येईल. या कोष्टकाला ट्रान्समिशन मॅट्रिक्स म्हणतात. २०१० मध्ये फ्रेंच संशोधकांनी प्रकाश विखुरणाऱ्या अपारदर्शक थरासाठी ते मोजून दाखवलं, आणि २०१२ च्या सुमारास एकाच मल्टिमोड तंतूतून चित्रं काढणारे प्रयोग कोरिया आणि स्कॉटलंडमधून आले. २०१८ पर्यंत जिवंत उंदराच्या मेंदूत खोल उतरवलेल्या अशा तंतूतून मज्जापेशी दिसल्या. सुईएवढ्या भोकातून मेंदूच्या आतलं पाहणं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

तरी हे दवाखान्यात अजून का आलं नाही? कारण तंतू हलला की कोष्टक बदलतं. जरा वाकवला, वाटा बदलल्या, नक्षी बदलली. नुसत्या तापमानानंही ती सरकते, कारण काचेचा अपवर्तनांक, म्हणजे काच प्रकाशाला किती वळवते ते, तापमानाबरोबर बदलतो. वातानुकूलित प्रयोगशाळेत बांधलेलं कोष्टक वैशाखात, भुसावळचा पारा ४५ च्या वर गेलेला असताना, एखाद्या ग्रामीण रुग्णालयाच्या खोलीत तसंच लागू पडेल, असं गृहीत धरता येत नाही. त्यात माणूस श्वास घेतो, आवंढा गिळतो, मान हलवतो.

या जागी मशीन लर्निंग, म्हणजे उदाहरणं पाहून संगणकानं स्वतः शिकणं, आलं. कोष्टक हातानं मोजण्याऐवजी तंतूच्या एका टोकाला हजारो चित्रं दाखवायची, दुसऱ्या टोकाच्या नक्ष्या कॅमेऱ्यानं टिपायच्या, आणि या जोड्या न्यूरल नेटवर्कला (असं शिकणाऱ्या संगणकी यंत्राला) द्यायच्या: ही नक्षी, हे तिचं मूळ चित्र. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान इथल्या ईपीएफएल संस्थेतल्या गटांनी हस्तलिखित अंकांची चित्रं वापरून हे दाखवलं. पुढे काही गटांनी तंतू मुद्दाम निरनिराळ्या तऱ्हेनं वाकवून त्या सगळ्या अवस्थांतल्या जोड्या यंत्राला दिल्या, म्हणजे वाकलं तरी ते गोंधळू नये.

आता जनरेटिव्ह एआयकडे येतो. सबंध विषयाचं मर्म इथंच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

साध्या नेटवर्कला आपण सांगतो, ‘सरासरी चूक कमीत कमी ठेव.’ समजा, एका धूसर नक्षीवरून केंद्रकाच्या पाच वेगवेगळ्या कडा संभवतात. कुठली खरी हे नक्षीत नाही. मग चूक कमी ठेवायची तर यंत्र त्या पाचांची सरासरी काढतं, आणि पाच कडांची सरासरी म्हणजे एक पुसट पट्टा. असं चित्र कुठल्याच डॉक्टरला आवडत नाही. जनरेटिव्ह यंत्र तसं करत नाही. ते आधी हजारो पेशीचित्रं पाहून पेशी साधारणपणे कशा दिसतात हे शिकलेलं असतं, आणि त्या पाचांतली एक, दिसायला खरीखुरी वाटेल अशी, निवडतं. कड धारदार येते, चित्र सुंदर येतं.

हे करायच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. २०१४ सालची गॅन: तिच्यात एक नेटवर्क चित्र काढतं, दुसरं ते खरं की खोटं हे ओळखायचा प्रयत्न करतं, आणि या चढाओढीत पहिलं तरबेज होत जातं. दुसरी डिफ्यूजन, जी २०२० नंतर पुढे आली. चांगल्या चित्रात थोडाथोडा गोंगाट, म्हणजे वेडेवाकडे ठिपके, मिसळत ते पार नासवून टाकायचं आणि यंत्राला उलट्या पायऱ्या शिकवायच्या: प्रत्येक पायरीला थोडा गोंगाट काढ. २०२० च्या मूळ कामात अशा हजार पायऱ्या होत्या. तंतूसाठी मला ही दुसरी जास्त पटते, कारण हिच्यात दर पायरीला तपासणी घालता येते. आत्ता बनलेलं चित्र हिशेबानं त्या तंतूतून पाठवून पाहायचं, आणि जी नक्षी येईल ती कॅमेऱ्यानं टिपलेल्या खऱ्या नक्षीशी ताडायची. जुळत नसेल तर चित्र दुरुस्त करायचं. यंत्र कल्पना करतं, पण मोजमाप त्याची दोरी धरून ठेवतं.

दोरी किती लांब आहे, ते आकड्यांनी पाहू. दोन हजार वाटांमधून साधारण दोन हजारच स्वतंत्र तपशील बाहेर येतात, म्हणजे अदमासे ४५ × ४५ चौकटींचं चित्र. पडद्यावर जर २५६ × २५६ चं चित्र दाखवलं, तर त्यात ६५,५३६ चौकटी असतात. उरलेल्या साठ हजारांहून जास्त चौकटी कुठून आल्या? काही शेजारच्या चौकटींवरून सरळ हिशेबानं, आणि बाकी यंत्राच्या अनुभवातून.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे खान्देशात कानबाई देवी बसते. दोन गल्ल्या पलीकडे बाया रात्री गाणी म्हणत असतात, वर पाऊस, मध्येच वारा, अर्धे शब्द ऐकू येतात अर्धे नाहीत. जिनं आयुष्यभर ही गाणी म्हटली ती घरातली म्हातारी ओसरीवर बसून सगळं गाणं सलग सांगते. तिनं ते ऐकलेलं नसतं, तिला ते येत असतं, आणि दहातल्या नऊ वेळा ती बरोबर असते. पण एखाद्या वर्षी गाणाऱ्या बाईनं नेमकी वाऱ्यात हरवलेल्या ओळीत गावातली नवी गोष्ट घातली, तर म्हातारी त्या जागी जुनीच ओळ सांगेल, आणि तितक्याच खात्रीनं.

तंतूच्या यंत्रात ही नवी ओळ म्हणजे बिघडलेली पेशी. यंत्रानं शिकताना निरोगी पेशी भरपूर पाहिल्या, बिघडलेल्या थोड्या पाहिल्या, तर धूसर जागी ते निरोगी पेशी काढेल, कारण तीच जास्त संभवते. चित्र स्वच्छ येईल, चूक कुठे दिसणार नाही. उलटंही होऊ शकतं: नसलेला बिघाड उमटेल आणि माणूस उगाच धसका घेईल. याला हॅलुसिनेशन म्हणतात आणि ही नुसती भीती नाही. एमआरआयची चित्रं कमी मोजमापांत, झटपट तयार करण्याच्या २०२० मधल्या फास्टएमआरआय स्पर्धेत काही यंत्रांनी मुळात नसलेले तपशील चित्रात घातल्याचं रेडिओलॉजिस्टांना आढळलं होतं.

पुसट चित्र किमान आपण पुसट आहोत हे सांगतं. धारदार चित्र काहीच सांगत नाही, म्हणून डॉक्टरांना तंतूचं चित्र कधीही एकटं देऊ नये, असं माझं मत आहे. डिफ्यूजनचा एक मोठा गुण इथं कामाला येतो. त्याच नक्षीवरून यंत्राला पुन्हा पुन्हा, वेगळ्या गोंगाटापासून सुरुवात करून, चित्र काढायला लावता येतं. जो भाग मोजमापानं बांधलेला आहे तो दर वेळी सारखा येतो. जिथे यंत्र अनुभवावर चाललं आहे तिथे दर वेळी कड वेगळी येते. हा फरक रंगानं चित्रावरच दाखवता येतो: इथे विश्वास ठेवा, इथे ठेवू नका. वेळ लागतो, संगणक तगडा लागतो, पण हा खर्च टाळण्यासारखा नाही. यातही एक फट राहतेच. म्हातारी पाच वेळा विचारलं तरी तीच जुनी ओळ सांगेल. तसंच यंत्राला एखादा आजार मुळातच माहीत नसेल, तर ते दर वेळी एकसारखंच चुकेल आणि रंग ‘विश्वास ठेवा’ असंच म्हणेल. म्हणून कॅमेऱ्यानं टिपलेली मूळ नक्षीही जपून ठेवायला हवी. उद्या चांगलं यंत्र आलं तर तिच्यावरून पुन्हा चित्र काढता येईल. सुंदर चित्रावरून मागे जाता येत नाही.

या फटीमुळेच यंत्र कोणाच्या पेशींवर शिकलं हा प्रश्न आपल्या भागासाठी फार मोलाचा आहे. युरोप-अमेरिकेत अशा यंत्रांचा भर अन्ननलिका, मोठं आतडं, फुप्फुस यांवर राहिला. सुपारीनं ताठलेला गाल, ज्यात वरचं अस्तर पातळ झालेलं आणि खाली तंतुमय पदार्थ साचलेला, तो तिकडच्या चित्रांत क्वचितच असणार. चुन्यातली तंबाखू वर्षानुवर्षं ओठात धरून झालेला पांढरा चट्टा, मशेरीनं काळवंडलेल्या हिरड्या, हे सगळं यंत्राला दाखवलं नाही तर ते त्याच्या जागी दुसऱ्याच कोणाचा गाल काढेल. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तुकडा तर रोज काढला जातोच. काढण्याआधी त्याच जागी तंतू टेकवून नक्षी टिपली, आणि नंतर आलेला पॅथॉलॉजीचा रिपोर्ट तिला जोडला, रुग्णाची परवानगी घेऊन आणि नाव-गाव वगळून, तर जगात दुसरीकडे सहज न मिळणारा साठा इथं तयार होईल. रिपोर्ट मात्र सूक्ष्मदर्शकाखाली वाचलेलाच हवा. एआयनं काढलेल्या चित्रांवर एआयला शिकवत गेलं की दोष पक्के होत जातात.

आणखी एक मर्यादा एआय कितीही शहाणं झालं तरी हटणार नाही. असा तंतू ऊतीत फार खोल पाहू शकत नाही. साधारण शंभर मायक्रॉनच्या आत-बाहेर. गालाचं आतलं अस्तर त्याच्या कितीतरी पट जाड असतं. कर्करोग झाला असं पॅथॉलॉजिस्ट म्हणतो ते बिघडलेल्या पेशी अस्तराच्या तळाचा पडदा फोडून खाली उतरल्या तर. तो तळ या चित्रात येतच नाही. त्यामुळे ‘तुकडा न काढता कर्करोग ओळखणारं यंत्र’ असं कोणी छापलं, तर ते किमान तोंडाच्या बाबतीत आज खरं नाही. भारतात वैद्यकीय सॉफ्टवेअरही २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत येतं, त्यामुळे असं यंत्र विकणाऱ्याला असे दावे सिद्ध करावे लागतील.

मग उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो लहान नाही. तीन सेंटिमीटरच्या चट्ट्यातून डॉक्टर पाच मिलिमीटरचा तुकडा काढतात. बिघाड चट्ट्याच्या एका कोपऱ्यात असेल आणि तुकडा दुसऱ्या कोपऱ्यातून गेला असेल, तर रिपोर्ट ‘काही नाही’ असा येतो आणि माणूस सुटकेचा श्वास टाकून घरी जातो. वीस मिलिमीटरही न उघडणाऱ्या तोंडात नेमकी जागा निवडणं तर आणखीच अवघड. तिथे एक बारीक तंतू चट्टाभर फिरवून केंद्रकांची सर्वांत जास्त गर्दी आणि विस्कळीतपणा कुठे आहे, हे दोन मिनिटांत कळलं, तर तुकडा तिथूनच काढता येईल. या कामाला प्रत्येक केंद्रकाची कड अचूक असण्याची गरज नाही. केंद्रकं किती मोठी आणि किती दाटीनं आहेत एवढं पुरतं, आणि ते ४५ × ४५ च्या मोजलेल्या चित्रातही बऱ्यापैकी असतं.